चार रात्री, एकच बेट, एकच खोली

प्रश्न : जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने हट्टच धरलाय की यंदा मालदीवला जा. एजंटने ४ रात्रींचं कोटेशन दिलंय : दोन रात्री बीच व्हिला, दोन रात्री वॉटर व्हिला, जाणं-येणं सी-प्लेनने, जेवण हाफ बोर्ड. मुंबईचं विमान दुपारी पावणेचारला मालेत उतरतं. दरापुढे ‘प्लस प्लस’ लिहिलंय, त्याचा अर्थ विचारला तर ‘ते थोडंसंच असतं’ म्हणाला. मला पोहता येत नाही आणि मी शाकाहारी आहे. ह्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांच्यापाशी नणंद येऊन राहणार आहे. आम्हाला फिरणं-बिरणं नको, फक्त शांतता हवी. पण सगळे म्हणतात, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. जावं का? आणि असंच जावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जरूर जा. मात्र हे कोटेशन जसंच्या तसं घेऊ नका. त्यात खोट अशी नाही, पण ते पोहणाऱ्या, फोटोंची हौस असलेल्या तिशीतल्या जोडप्यासाठी बांधलेलं आहे. तुम्हाला हवी असलेली शांतता खोलीच्या दरावर कमी आणि वेळापत्रकावर जास्त ठरते. म्हणून खोलीच्या आधी विमानाकडे बघू.

सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. रात्री पाण्यावर उतरता येत नाही, त्यामुळे दिवसाची शेवटची उड्डाणं चारच्या आसपास संपतात आणि तुमचं मुंबईचं विमान साधारण साडेतीनच्या आत उतरलेलं असावं लागतं. पावणेचारला उतरून, इमिग्रेशन करून, बॅगा घेऊन तुम्ही बाहेर याल तेव्हा सी-प्लेन गेलेलं असेल. म्हणजे पहिली रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत, रस्त्यावरच्या हॉटेलात. रिसॉर्टची त्या रात्रीची खोली आरक्षित असेल तर तिचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. परतीचंही तेच : सकाळी लवकरचं विमान असेल तर त्याआधी सी-प्लेन पोहोचत नाही. शिवाय सी-प्लेनची नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि विमानतळावर दोन-तीन तास बसून राहणं नित्याचं आहे.

ह्यांच्या गुडघ्यांचाही विचार करा. सी-प्लेनमध्ये हलत्या तराफ्यावरून अरुंद, उभ्या पायऱ्यांनी चढायचं असतं, आत छत बुटकं असल्यामुळे वाकून जागेवर जायचं. आवाज मोठा, एसी नाही. सामानाची मर्यादा साधारणपणे माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो; त्यापुढे जादा पैसे. वरून दिसणारी निळी कंकणं अप्रतिम असतात, यात वाद नाही. (अशा कंकणाकार प्रवाळबेटांच्या समूहाला ‘अटोल’ म्हणतात. इंग्रजीने उचललेला हा शब्द मुळात तिथल्या धिवेही भाषेतला.) पण त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी दोघांचे मिळून साधारण ८०० ते १२०० डॉलर जातात.

त्याऐवजी स्पीडबोटीने ३५ ते ५० मिनिटांवरचं बेट घ्या. उत्तर माले आणि दक्षिण माले अटोलमध्ये अशी पुष्कळ आहेत. स्पीडबोट अंधार पडल्यावरही जाते, विमानतळाच्या दारातच धक्का आहे, आणि खर्च बहुधा निम्म्याहून कमी. दहा-पंधरा मिनिटांवरची बेटं मात्र टाळा. तिथे विमानांचा आवाज आणि रात्री मालेच्या दिव्यांचा उजेड पोहोचतो. बोटीत मागच्या बाजूला बसा. पुढचा भाग लाटेवर आपटतो, मागचा कमी. गाडी लागत असेल तर उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, चढल्यावर नव्हे.

विमान सकाळचं शोधा. मुंबई ते माले थेट उड्डाण तीन तासांच्या आतबाहेर आहे, म्हणजे सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला बेटावर. रात्री घोडबंदरवर ट्रक असतात, तेव्हा घरून निघताना तासभर जादा धरा. तिकिटावर विमानतळाचं नावही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत. त्याचा कोड एनएमआय, जुन्या सहार विमानतळाचा बीओएम. रात्री दोन वाजता टॅक्सीवाल्याला चुकीचा पत्ता देण्याची वेळ येऊ नये.

खोली रिसॉर्टमध्ये दुपारी दोन-तीनला मिळते. पोहायचे कपडे, चप्पल, औषधं आणि टोपी हातातल्या बॅगेत ठेवलीत तर तोवर रिसेप्शनवर ताटकळायला नको.

आता दोन-दोन रात्रींची फोड. ती सरळ काढून टाका. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्या, बाराला खोली सोडायची, दोन-तीनला नवी मिळायची : चार दिवसांतला एक दिवस बांधाबांधीत जातो. आणि वॉटर व्हिला तुमच्यासाठी नाहीच. तो खांबांवर उभा असतो, पाण्यात उतरायला उभी शिडी असते, आणि शिडीखाली कधी कमरेइतकं तर कधी डोक्यावरून पाणी. पोहता न येणाऱ्याने तिथून समुद्र फक्त बघायचा. लाकडी पुलावरून जेवायला पाच-दहा मिनिटं चालावं लागतं. बग्गी असते, पण दर वेळी फोन करून वाट बघायची. वारा असला की खांबांवर आपटणारं पाणी रात्रभर ऐकू येतं. काहींना त्याने छान झोप लागते, काहींची उडते. बीच व्हिलात दार उघडलं की वाळू, वाळूपुढे पावलं बुडतील इतकं पाणी, ते हळूहळू गुडघ्यापर्यंत. तुम्हाला हेच हवं आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी स्वस्तही आहे.

बीच व्हिला घेताना बाजू विचारा. इथे बहुतेक एजंट ‘सूर्यास्त दिसतो’ एवढंच सांगतात. जानेवारीत तिथे ईशान्येचा मोसमी वारा असतो, धिवेहीत त्याला इरुवाई म्हणतात. हवा कोरडी, पाऊस कमी, म्हणून हाच सगळ्यात चांगला आणि महाग हंगाम. पण त्या दिवसांत बेटाच्या उत्तर-पूर्व कडेला वारा आणि लाटा थेट येतात. पश्चिम आणि नैऋत्य बाजू आडोशाला, पाणी तळ्यासारखं. मे ते ऑक्टोबरमध्ये याच्या बरोबर उलट. म्हणजे जानेवारीत सूर्यास्ताच्या बाजूच्या खोलीला थोडे जास्त मोजले तरी ते नुसत्या देखाव्याचे नाहीत, शांत पाण्याचे आहेत. वाऱ्यांबरोबर वाळूही बेटाभोवती सरकते. ऑगस्टमधल्या फोटोत दिसणारी रुंद पुळण जानेवारीत तिथे असेलच असं नाही, काही ठिकाणी किनारा धरून ठेवायला वाळूची पोती लावलेली दिसतात. तुमच्या खोलीसमोरचा जानेवारी-फेब्रुवारीतला फोटो मागा. चांगलं रिसॉर्ट पाठवतं.

शांततेसाठी आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कुठेच नसते. तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत. त्यामुळे वीज बेटावरच, बहुतांशी डिझेल जनरेटरवर बनते, पाणी समुद्राचं गोडं केलं जातं, आणि कर्मचाऱ्यांची वस्तीही तिथेच. या सगळ्याचा एक कोपरा असतो. त्या कोपऱ्याला लागून असलेल्या खोलीत रात्रभर घरघर ऐकू येते. तेव्हा बेटाचा नकाशा मागवा आणि जनरेटर, बोटींचा धक्का, मुख्य तरणतलाव आणि गाण्यांचा बार यांपासून लांबची, पण जेवणघरापासून चालत पाच मिनिटांतली खोली मागा. शेजारच्या बेटावर बांधकाम चालू आहे का हेही विचारा. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. लहान मुलांना प्रवेश नसलेली रिसॉर्टंही आहेत. मुलं आवडत असली तरी या चार दिवसांपुरता त्यांचा विचार करायला हरकत नाही.

‘थोडंसंच असतं’चा हिशेब आता. पहिला प्लस म्हणजे १० टक्के सेवा शुल्क. दुसरा म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि सेवा शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. समजा खोली ४०० डॉलर. शुल्क धरून ४४०, त्यावर १७ टक्के म्हणजे ७४.८०, एकूण ५१४.८०. त्यावर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, दोघांचे २४. एका रात्रीचे ५३८.८० झाले. चार रात्रींचे १६०० वाटत होते, ते २१५५.२० निघाले. बोट वेगळी. हे प्लस-प्लस चहा, पाण्याची बाटली, मसाज, सगळ्यालाच लागतं. मेन्यूवरचा कुठलाही आकडा दिसला की मनात तो सव्वापटीहून थोडा जास्त धरा.

म्हणूनच हाफ बोर्डवर पुन्हा विचार करा. त्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण असतं; दुपारचं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी जेवणासोबतचं पाणीसुद्धा नाही. बेटावर टपरी नाही, कोपऱ्यावरचा उडप्याही नाही. दोघांचं दुपारचं साधं जेवण ७० डॉलरचं धरलं तर करांसह ९० होतात, चार दिवसांचे ३६०. फुल बोर्डसाठी, म्हणजे दुपारचंही जेवण धरून, एजंट याहून कमी जादा मागत असेल तर घ्या. जास्त मागत असेल तर हाफ बोर्डच ठेवा, साडेनऊला भरपेट नाश्ता करा आणि दुपारी खोलीतल्या किटलीवरच्या चहाबरोबर घरून नेलेल्या भाकरवडीचं बंद पाकीट फोडा. जेवणाबरोबर दारूही धरलेलं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ हे मुख्यतः पिणाऱ्यांच्या फायद्याचं असतं. तुम्ही दोघं पीत नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

शाकाहाराची काळजी नको. बहुतेक मोठ्या रिसॉर्टमध्ये भारतीय स्वयंपाकी असतात, फक्त पंधरा दिवस आधी ईमेलने कळवा आणि पहिल्या दिवशी शेफला भेटा. ‘अंडं चालतं का’ हे स्पष्ट लिहा, कारण तिथे शाकाहारीत अंडं धरतात. नाश्त्याला नारळाच्या चवासारखं दिसणारं ‘मस हुनी’ असेल, ते घेऊ नका. धिवेही ही आपल्याच भाषाकुळातली. त्यातला ‘मस’ म्हणजे आपला मासा. ओल्या नारळात ट्यूना कालवलेला असतो. ह्यांना मात्र आवडेल.

पाण्याची भीती. कोकणातला समुद्र डोळ्यांसमोर ठेवून तिथल्या पाण्याला घाबरू नका. आपल्याकडे भरती-ओहोटीत तीन-चार मीटरचा फरक पडतो, तिथे जेमतेम एक मीटर. नद्या नाहीत, म्हणून गाळ नाही, म्हणून पाण्यातून स्वतःची बोटं दिसतात. वाळू प्रवाळाची आहे. पोपटमासे प्रवाळ कुरतडून खातात आणि त्याचाच भुगा मागे टाकतात. त्या पांढऱ्याशुभ्र वाळूतली बरीचशी त्यांच्या पोटातून आलेली असते. पांढरी असल्यामुळे दुपारीही ती आपल्या काळसर वाळूसारखी चटके देत नाही. घाबरायचं ते प्रवाळाच्या कडेला. बेटाभोवतीचं उथळ पाणी जिथे संपतं तिथे तळ एकदम खोल जातो आणि ओढ असते. पोहणारे मासे बघायला तिथेच जातात. तुम्ही एकटीने जायचं नाही. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतोच असं नाही.

तरीही मासे बघितल्याशिवाय परत येऊ नका. स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायला, पोहणं यावं लागत नाही. तरंगणं आणि तोंडाने श्वास घेणं पुरतं, आणि त्याचा सराव सोसायटीच्या तरणतलावात दोन रविवारांत होतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, गळून पडला तर दुसरा बघा. पट्टा घट्ट आवळल्याने गळती थांबत नाही, उलट रबर दुमडून वाढते. केसाची एक बट आत राहिली तरी पाणी शिरतं. ह्यांना मिशी असेल तर पाणी तिथूनच येणार. नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावा. काच धूसर होऊ नये म्हणून बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळून धुवायचा. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि नळीतून सावकाश दहा श्वास. पहिल्या दोन-तीन श्वासांना जीव घाबरतो, तो सगळ्यांचाच घाबरतो. तिथे गेल्यावर लाइफ जॅकेट घालून, डाइव्ह सेंटरच्या माणसाबरोबर, आडोशाच्या बाजूला. चष्मा असेल तर नंबरची काच असलेला मास्क आधी विचारून ठेवा. वाळूवरून पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. तळाशी पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेला असेल तर तो आधीच सरकतो. काठाशी हातभर लांबीचे छोटे शार्क फिरताना दिसतील. ते माणसाला बघून पळतात.

मालेचं अक्षांश सव्वाचार अंशाच्या आसपास, त्यामुळे जानेवारीतही दुपारचं ऊन जवळपास डोक्यावर. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या अर्ध्या तासात भाजतात आणि पाण्याच्या गारव्यात ते कळतही नाही. क्रीमवर विसंबू नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लांब लेगिंग्ज घ्या. पायात रबरी बूट.

ह्यांच्यासाठी तीन गोष्टी आधी विचारा : व्हिलातून वाळूवर उतरायला किती पायऱ्या, न्हाणीघर उघड्यावरचं आहे का (बरीच असतात, ओली फरशी घसरते), आणि टब जमिनीत खोल बसवलेला आहे का. चालायचं ते पाण्याकाठच्या घट्ट, ओल्या वाळूवर. किनाऱ्याला उतार असल्यामुळे एकाच दिशेने चाललं की एका गुडघ्यावर ताण येतो, म्हणून जितकं जाल तितकंच उलट या. वेदनाशामकांत ट्रामाडॉल किंवा कोडीन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

कागदपत्रांचं फार नाही. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर मोफत प्रवेश मिळतो, परतीचं तिकीट आणि आरक्षण दाखवावं लागतं. ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म विमानाआधीच्या ९६ तासांत भरायचा, जातानाही आणि येतानाही. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. पॅकेजवर एजंट टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापेल, ते प्रमाणपत्र सांभाळा, विवरणपत्रात वळतं होतं. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर लागतो. विम्यात बेटावरून मालेच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च धरलेला असावा.

बॅगेत काय नको, तेही ऐका. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ चालत नाहीत. सहारला घेतलेली ड्यूटी-फ्री बाटली माले विमानतळावर जमा करून पावती घ्यावी लागते, परतताना मिळते. ई-सिगारेट बंदीत आहे. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक : वाढदिवस-लग्नदिवस म्हणून बॅगेत ठेवलेली गणपतीची किंवा बाळकृष्णाची छोटी मूर्ती. पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत. नमस्कार घरी करून निघा. येताना प्रवाळाचा तुकडा आणू नका, तोही गुन्हा आहे.

कंटाळ्याबद्दल लोक म्हणतात ते अगदी खोटं नाही. पहिले चोवीस तास हात शिवशिवतात, मोबाइल उघडला जातो, ‘एवढे पैसे भरलेत तर काहीतरी करू’ असं वाटतं आणि माणूस तीन सहली आरक्षित करून बसतो. पहिल्या दिवशी काहीच आरक्षित करू नका. तिसऱ्या संध्याकाळी डॉल्फिन बघायला जाणारी एक बोट, बस. सासूबाईंना फोनची वेळ ठरवून द्या, म्हणजे दिवसभर चुटपुट नको. फक्त घड्याळाकडे लक्ष असू द्या : माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण बरीच रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ तासभर पुढे ठेवतात, म्हणजे आपल्या अर्धा तास पुढे. मोबाइल मालेची वेळ दाखवतो आणि बोट रिसॉर्टच्या वेळेने सुटते.

एवढं करूनही बजेटबाहेर जात असेल तर रात्री कमी करा, बेट हलकं करू नका. तीन रात्रीही भरपूर होतात. तारीख नक्की करण्याआधी चिनी नववर्ष कधी आहे ते बघा; त्या आठवड्यात दर चढतात आणि बेटं भरलेली असतात.

एजंटला हा मजकूर जसाच्या तसा पाठवा : “दोघांसाठी एकच बीच व्हिला, ४ रात्री, बेटाच्या पश्चिम किंवा नैऋत्य बाजूला, जनरेटर आणि धक्क्यापासून लांब. जाणं-येणं स्पीडबोटीने, ३५ ते ५० मिनिटं. मालेत दुपारी बाराच्या आत उतरणारं विमान. हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड असे दोन दर, दोन्ही सगळ्या करांसह, डॉलरमध्ये. लग्नाचा २५वा वाढदिवस आहे, त्यासाठी रिसॉर्ट काय देतं आणि विवाह नोंदणीचा दाखला लागतो का. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत.” उत्तर फोनवर नको, ईमेलवर मागा.